चारीतली हळद

भागूबाईच्या शेताच्या कडेनं कॅनॉलची चारी जाते. चारीतून काय जातं, ते मात्र विचारू नये. मोठ्या कॅनॉलपासून फुटलेली ही सिमेंटची चारी जवळा बाजार गावाच्या मागल्या अंगानं शिवारं ओलांडत येते आणि भागूबाईच्या बांधाला डोकं टेकून संपते. सरकारनं ती पाण्यासाठी बांधली. शेवटाकडच्या लोकांनी पाणी सोडून बाकी सगळ्या कामांसाठी ती वापरली. तिच्यात पोरं सायकल शिकली, शेळ्यांनी दुपारच्या झोपा काढल्या. भागूबाईच्या लेकाच्या, प्रज्ञेशच्या लग्नात तर एक अख्खी पंगत चारीच्या तळाला बसली आणि वाढप्यांनी दोन्ही काठांवरून वाकून वाकून वरण वाढलं. पत्रावळी वाऱ्यानं उडत नाहीत म्हणून पाव्हणे खूश होते.

पण चारीचा खरा मान उन्हाळ्याच्या तोंडाला. विहिरीच्या पाण्यावर रडतखडत जगवलेली हळद काढायची, पिंपाएवढ्या कुकरमध्ये शिजवायची, आणि मग उन्हात अशी कडक वाळवायची की हळकुंड मोडलं तर आवाज आला पाहिजे. त्यासाठी लागते पक्की, स्वच्छ जागा, जिथं माती लागणार नाही. अशी जागा त्या शिवारात एकच होती, तीही सरकारी आणि फुकट. मार्च लागला की नामाजीच्या बाभळीपासून भागूबाईच्या बांधापर्यंत चारी पिवळीधमक व्हायची. वरून विमानातून कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हिंगोली जिल्ह्यात कॅनॉलला हळदच सोडतात.

भागूबाई साठीची आहे. अंगानं काटकुळी आणि तोंडानं फटकळ. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा चारीचं काम चालू होतं. अंगाची हळद उतरायच्या आत तिनं डोक्यावर घमेलं घेतलं. ती आणि तिचा नवरा शेषराव, दोघं एकाच मुकादमाच्या हाताखाली याच चारीची माती वाहत होते. घरच्या रानातली एक पट्टीही चारीत गेली होती. शेषराव म्हणायचा, जाऊ दे, त्या पट्टीच्या बदल्यात बाकीचं रान भिजेल.

चारी झाली. कॅनॉलला पाणी सुटलं, म्हणजे आवर्तन आलं, की शेषराव अंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि चारीच्या काठाकाठानं वर चालत जायचा.

"पाणी बघायला इतकं नटून काहून जाता?" भागूबाई विचारायची. "पाव्हणं हाय का ते?"

"पाव्हणंच की," शेषराव म्हणायचा.

दिवस मावळता तो परत यायचा. कुठवर आलं, असं तिनं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, "नामाजीच्या बाभळीपर्यंत आलतं." बाभळीच्या खाली पाणी कधी उतरलंच नाही. माथ्याकडच्यांची, म्हणजे चारीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची, रानात पाणी घ्यायची दारं रात्रंदिवस उघडी, आणि पाण्याला खाली उतरायची गरज काय? दोन वर्षांमागं शेषराव वारला. त्याच्या जन्माचं पाणी बाभळीपर्यंतच आलं. भागूबाई त्याच्यासाठी रडली, आणि पाण्याला तिनं ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

त्यात पाण्याची तऱ्हा अशी, की न आलेल्या पाण्याचेही पैसे भरावे लागायचे. पूर्वी पाणीपट्टी एकरावर असायची. मग शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था झाली आणि पाणी मापून विकत घ्यायचं ठरलं. चारीच्या तोंडाशी एक मोजपट्टी बसवली. तिथून जेवढं पाणी चारीत उतरेल तेवढ्याचं बिल ठोक भावानं संस्थेच्या नावावर लागतं. हा ठोक भाव मुंबईचं एक प्राधिकरण ठरवतं. पुढं चारीतलं पाणी कोणी प्यायलं, ओढ्याला गेलं की हवेत उडालं, याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. संस्थेनं ते बिल सगळ्या सभासदांत एकराप्रमाणं सारखं वाटून टाकलं. सोनाजीराव म्हणजे माथ्याकडचे मोठे ऊसवाले, त्यांची चार दारं चारीला. ते सभेत म्हणायचे, आपल्याकडं भेदभाव नाही, सगळ्यांना सारखी पट्टी. गावात भागूबाईचं घर शेवटी, पंगतीत पान शेवटी, चारीत रान शेवटी. बिलात तेवढी तिला बरोबरी मिळाली.

संस्थेचं अध्यक्षपद माथा, मध्य आणि शेवट असं पाळीपाळीनं फिरतं. शेवटाची पाळी आली आणि भागूबाईचं नाव पुढं आलं, ते सोनाजीरावांनीच आणलं. त्यांचा हिशेब साधा होता. बाई आहे, शेवटाची आहे, बौद्धवाड्यातली आहे, सही करील आणि चहा पिऊन जाईल. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि चहाही ती प्यायची. सहीचं तेवढं चुकलं. ती वाचल्याशिवाय सही करत नव्हती. वाचायला तिला भरपूर वेळ लागायचा आणि तोवर सगळ्या संचालकांना ढेकर देत बसून राहावं लागायचं.

भागूबाईला अध्यक्षपदातून एकच गोष्ट हवी होती. आपल्या पाळीत एकदा, फक्त एकदा, पाणी बाभळीच्या खाली उतरून आपल्या रानात आलं पाहिजे. हे तिनं शेवटाकडच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "मी पाणी आणते," ती म्हणायची. शेजारचा नामाजी, तो मेंढ्या राखून थोडी हळद करणारा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "आना वैनी, आना. आमी कुठं नगं म्हणून राहिलो."

मग दर वाढायची बातमी आली. प्राधिकरण नवा ठोक भाव ठरवणार होतं आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होतं. हिंगोलीला सुनावणी ठेवली. सोनाजीरावांनी जीप केली. अध्यक्ष म्हणून भागूबाईला घेणं भाग होतं, तिला मागं स्टेपनीशेजारी बसवलं.

सभागृहात पंखे होते, मंचावर साहेब लोक होते आणि त्यांच्यापुढं बाटलीबंद पाण्याची रांग होती. त्या पाण्याचा दर कोणी विचारत नव्हतं. सोनाजीरावांनी माईक धरला तो सोडीनात. शेतकरी कसा पिचला आहे, खत कसं महागलं आहे, आणि अशात पाण्याचा भाव वाढवणं म्हणजे मेलेल्याला कसं मारणं आहे, हे सांगताना त्यांच्या बोटातल्या अंगठ्या दिव्यात चमकत होत्या. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, संस्थेच्या अध्यक्षा बोलतील.

भागूबाई उठली. "साहेब, दर वाढवा," ती म्हणाली.

माईकवाल्यानं माईक ठोकून पाहिला. मंचावरचे साहेब पुढं वाकले. "कमी करा, असं म्हणायचंय का बाई तुम्हाला?"

"न्हाई साहेब, वाढवाच. आता पाणी इतकं सस्तं हाय, की आमचे सोनाजीराव दार उघडून बाजाराला जाऊन राहिले. बाजार करतेत, चहा पितेत, चार माणसायला भेटून येतेत. तवर पाणी ऊस भिजवून, रस्ता भिजवून वढ्याला जातं. ते वढ्याला गेलेलं पाणी मोजपट्टीवर बराबर मोजलेलं असतं, आन त्याची पट्टी मीबी भरून राहिले. पाणी म्हाग झालं तर दार लावायला माणूस घरी येईल."

"पण मग तुम्हालाही महाग पडेल ना?"

"पडू द्या. आता न आलेल्या पाण्याचं भरून राहिले. म्हाग झालं तर आलेल्या पाण्याचं भरीन."

साहेब हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सभागृह मात्र हसलं नाही. भागूबाई खाली बसली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

चहाच्या वेळी मंचामागचा एक कारकून तिच्याजवळ आला. तो म्हणाला, "मावशी, इथं ठरतो तो भाव तुमच्या संस्थेच्या दारापर्यंतचा. आत सभासदाकडून कसं घ्यायचं, एकरावर की तासावर, ते तुमचं तुम्ही सभेत ठरवा. त्यासाठी मुंबईला ओरडायची गरज नाही." एवढं बोलून तो बिस्किटं संपायच्या आत परत गेला.

परतीच्या जीपमध्ये तिच्याशी कोणी बोललं नाही. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. माथ्याकडच्यांनी तिला शिव्या घालणं समजण्यासारखं होतं, पण शेवटाकडच्यांनीही घातल्या. नामाजी म्हणाला, "वैनी, दर कमी करायला गेल्ता का वाढवायला? मेंढरं ईकून पट्टी भरू काय मी?" चार दिवस त्यानं मेंढ्यांची वाटही बदलली. मुंबईनं पुढं जो भाव ठरवायचा तो ठरवला. भागूबाईच्या भाषणानं तो पैशानं वर गेला नाही की खाली आला नाही.

पण कारकुनाचं बोलणं तिच्या डोक्यात राहिलं. तिनं रीतसर सभा बोलावली. विषय असा, की यापुढं पट्टी एकरावर नाही, तासावर. ज्याचं दार जितका वेळ उघडं, तितकी त्याची पट्टी. दार बंद तर पट्टी बंद. सभेच्या दिवशी सोनाजीराव आणि त्यांची मंडळी वारंगा फाट्याला लग्नाला गेली होती. सभेत बाई काय करणार, असा त्यांना भरवसा होता. इकडं न येणाऱ्या पाण्याची पट्टी सुटणार म्हटल्यावर शेवटाकडचे हात सगळ्यांत आधी वर गेले. नामाजीनं तर दोन्ही वर केले. मधल्या लोकांनी थोडा विचार केला आणि त्यांनीही वर केले. ठराव पास झाला. सोनाजीराव लग्नाचं जेवून आले तेव्हा पाण्याला घड्याळ लागलेलं होतं.

सोनाजीराव चिडले, पण चिडून ओरडण्याइतके ते कच्चे नव्हते. मार्चमध्ये आवर्तन सुटायची तारीख लागली आणि त्यांनी माथ्याकडच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. "बाईला पाणी पायजे ना," ते म्हणाले, "देऊन टाका. आपापली दारं गच्च लावा. थेंबभर घेऊ नका दोन दिवस. ऊस दोन दिवसानं मरत न्हाई. सगळी चारी बाईच्या अंगावर जाऊ द्या, आन तास बी तिच्याच नावावर." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. शेवटाकडच्या चारीत काय वाळत पडलं आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आवर्तन सुटणार हे भागूबाईलाही ठाऊक होतं. सुटण्याच्या कागदावर सही तिचीच होती. शेवटाकडच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकानंही चारीतली हळद उचलली नाही. दर साली आवर्तन सुटायचं, दर साली हळद चारीत असायची, आणि पाणी बाभळीवरून माघारी फिरावं तसं तिथंच संपायचं. सवयच होती ती. सगळ्यांत खाली, अगदी शेवटच्या टोकाला, सगळ्यांत मोठा पसारा भागूबाईचाच होता. वर्षाची सगळी हळद तिनं तिथं पसरली होती आणि सून ऐश्वर्या फावड्यानं ती वरखाली करत होती.

दुपार कलली होती. नामाजी वरून धावत येताना दिसला. त्याचा फेटा सुटला होता आणि मेंढ्या मागं राहिल्या होत्या.

"वैनी, पाणी!" तो लांबूनच ओरडला.

"पी की," भागूबाई म्हणाली. "माठ तिथंच लिंबाखाली हाय."

"प्यायचं न्हाई वो. चारीला! बाभळीच्या खाली उतरलंय!"

मग चारीच्या वरच्या वळणाकडून बायकांचा गलका ऐकू आला. त्यानंतर जे झालं त्याला पळापळ म्हणणं कमी पडेल. घमेली, टोपली, पोती, ताडपत्र्या, अंगावरचे टॉवेल, जे हाताला लागलं ते घेऊन शेवटाकडचा जो तो चारीत उतरला. पाणी काही पुरासारखं येत नव्हतं, सावकाश येत होतं, पुढं पाचोळा, फेस आणि कोणाची तरी एक चप्पल ढकलत. पण हळद वेचायला माणसाला लागतो त्याहून त्याला कमी वेळ लागत होता. आधी नामाजीची हळद होती, मग त्याच्या भावाची, मग पुढच्यांची. भागूबाईनं ऐश्वर्याला आणि वस्तीतल्या बायांना वरच्या अंगाला पिटाळलं. "आधी त्यायची उचला," ती म्हणाली. "आपली शेवटी हाय, आपल्याला येळ हाय." जन्मात पहिल्यांदा तिनं शेवटी असण्याचा फायदा सांगितला.

नामाजी कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, "वैनी, पाणी बंद कराया सांगा. तुमी अध्यक्ष हात. तुमी सांगितलं तर चारीच्या तोंडाचं दार आत्ता पडतं."

तेवढ्यात ऐश्वर्याचा फोन वाजला. सोनाजीराव होते. ऐश्वर्यानं ओल्या हातानं फोन सासूच्या कानाला लावला. "आत्याबाई, वरचे हायत."

"काय अध्यक्षीणबाई, पोचलं का पाणी?" सोनाजीरावांच्या मागं हसण्याचा आवाज होता. "हळद भिजून राहिली म्हणे. तकलीफ व्हत आसंल तर बंद करतो की चारीच्या तोंडाचं दार. तुमच्या तोंडानं म्हणा फकस्त, पाणी नगं. चार माणसं बसलेत माह्याजवळ, समदे ऐकून राहिले."

भागूबाईच्या लक्षात आलं. एकदा का तिच्या तोंडून नको निघालं, की पुढं जन्मभर हेच ऐकायचं. आम्ही दिलं होतं, शेवटाकडच्यांनीच नको म्हटलं. मग कोणती सभा, कोणता ठराव आणि कुठलं घड्याळ. पाणी परत बाभळीवर जाऊन बसलं असतं. समोर वर्षाची हळद पडली होती, कडक वाळत आलेली, दोन दिवसांत पॉलिशला न्यायची होती. हिंगोलीच्या मार्केटात ती कशी ओतायची, भाव कसा सांगायचा, हे सगळं तिनं मनात ठरवलेलं होतं. ती काही देवी नव्हती, तिला रडू आलं.

तिनं नाक पुसलं आणि फोनमध्ये म्हणाली, "सोनाजीराव, दार आजून थोडं वर उचला. पाणी कमी येऊन राहिलं."

तिकडचं हसणं थांबलं. तिनं फोन ऐश्वर्याच्या हातात दिला.

वरच्यांची बरीचशी हळद निघाली. थोडी भिजली, थोडी वाहिली. ती वाहिलेली सगळी खाली भागूबाईच्या हळदीत येऊन मिसळली. बाया घमेली घेऊन तिच्या टोकाशी पोचल्या तोवर पाणीही पोचलं होतं. पाच-सात घमेली काठावर आली, बाकी पाण्यानं उचलली. चारीच्या शेवटच्या भिंतीला आपटून पाणी वर चढलं, आणि तिथं जे गंजकं दार इतकी वर्षं नुसतं उघडं उभं होतं, त्यातून ते भागूबाईच्या रानात उतरलं. पिवळं पाणी होतं ते. सरीसरीनं पुढं सरकत होतं आणि ढेकळं बुडबुडे सोडत ते पीत होती.

ऐश्वर्या काठावर बसून रडत होती. "आत्याबाई, तुमीच सगळ्यायला सांगितलं ना पाणी येणार म्हणून. मग आपली हळद तरी उचलायची."

भागूबाईनं काठाला लागलेलं एक हळकुंड उचललं. मग म्हणाली, "सगळ्यायला सांगितलं, बाई. मला सवताला खरं वाटलं न्हवतं. वाटलं आसतं तर इथं टाकली आसती काय?"

ती लुगडं गुडघ्यावर खोचून रानात उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं. शेषराव असता तर धुतलेला सदरा घालून वर बाभळीकडं गेला असता आणि पाणी त्याला वाटेतच भेटलं असतं, असं तिच्या मनात आलं. तिनं वाकून ओंजळ भरली. हात पिवळे झाले, लग्नात झाले होते तसे.

दारांचे तास लिहायला संस्थेनं ठेवलेला माणूस दबकत दबकत बांधावर आला. भिजलेली हळद बघून तो म्हणाला, "भागूबाई, आजचे तास सोडून देऊ का? एवढं नुकसान झालं."

"सोडायचं काहून? लाव माह्या नावावर. तोंडाचं दार उघडल्यापासून लाव, बराबर." ती ताठ झाली. "आलेल्या पाण्याची पट्टी हाय ती. माह्या घरात आजपर्यंत कोणी भरली न्हाई."

त्यानं तास लावले.

सोनाजीरावांचा ऊस दोन दिवसांत मेला नाही, पण माथ्याकडच्यांच्या भुईमुगानं माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातलेच लोक सोनाजीरावांच्या अंगावर धावून गेले. पुढं त्यांनी दारं उघडली ती घड्याळ बघून, आणि लावलीही घड्याळ बघून, कारण तास आता ज्याचे त्याच्या नावावर पडत होते. पाणी तेव्हापासून बाभळीपाशी थांबत नाही. कधी भरपूर येतं, कधी नुसतं चारीचा तळ ओला करण्यापुरतं येतं, पण येतं.

त्यामुळं शेवटाकडच्यांची मोठी पंचाईत झाली आहे. मार्च लागला की हळद वाळवायला जागा नाही. कोणी गच्ची शोधतं, कोणी शाळेच्या मैदानासाठी मास्तरांच्या हातापाया पडतं, नामाजीनं तर भाड्यानं ताडपत्र्या आणल्या. लग्नाची पंगत आता चारीत बसत नाही. येता-जाता सगळे भागूबाईच्या नावानं बोटं मोडतात, की या बाईनं सोन्यासारखी जागा घालवली. ती दारात हळद निवडत बसलेली असते आणि ते सगळं मोठ्या समाधानानं ऐकून घेते. एखादा फारच बोलला तर म्हणते, "व्हय बाबा, चूक झाली. पाणी येऊन राहिलं ना आता."